वाचून पाय उचलतात का?

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की सावंगी (मेघे) येतं आणि तिथून पुढे सगळा मामला वैद्यकीय. १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय इथे सुरू झालं; पुढे दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी असं एकेक वाढत गेलं आणि आज ते अभिमत विद्यापीठ आहे. पांढरे अ‍ॅप्रन, मेसचे डबे, झेरॉक्सची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांच्या पिशव्या. शरीर कसं चालतं हे अचूक सांगू शकतील अशा माणसांची इतकी दाट वस्ती जिल्ह्यात सेवाग्राम सोडलं तर दुसरीकडे नसेल. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस इथल्या विद्यार्थ्याला पाठ असते. पेपरात ती लिहून तो होस्टेलच्या खोलीत पुन्हा आडवा होतो.

म्हणजे टंचाई माहितीची नाही, उठण्याची आहे. आणि उठवत नाही म्हटलं की शिकलेला माणूस पहिली मागणी करतो ती अशी: काहीतरी प्रेरणादायी वाचायला सुचवा. या मागणीला मराठीत काय काय उत्तरं मिळाली, त्यांतली कुठली उपयोगी पडली आणि कुठली नुसतीच कपाटात राहिली, त्याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानात ‘प्रेरणादायी’ अशी पाटी लावलेल्या फळीवरचं बहुतेक सगळं या कामी निरुपयोगी आहे. ज्या लिखाणात एका विशिष्ट माणसाचा विशिष्ट दिवस दिसतो, तो किती वाजता उठला, किती चालला, काय खाल्लं, कुठे चुकला, तेच आपल्याला हलवतं. आणि तसं मराठीत वाचण्यासारखं बरंच काही सावंगीपासून सायकलच्या टप्प्यात घडलेलं आहे.

आधी एक ब्रिटिश प्रयोग. मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या तीन मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली २४८ विद्यार्थ्यांवर केलेला. विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले. एकाला व्यायामाशी संबंध नसलेला मजकूर दिला. दुसऱ्याला व्यायाम केल्यानं हृदयरोगाचा धोका कसा कमी होतो, हे पटवून देणारं पत्रक वाचायला दिलं. तिसऱ्यालाही तेच पत्रक दिलं, पण सोबत एक वाक्य भरून घेतलं: येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. आठवड्यानंतर पाहिलं तर पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला होता. पत्रक वाचणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांनी. आणि वाक्य भरून देणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. पटवून देणारं वाचन एकट्यानं काहीच करू शकलं नाही, हा त्यातला बोचरा भाग. पत्रक वाचून मुलांची इच्छा वाढली होती, असंही संशोधकांना दिसलं. इच्छा वाढली आणि पाय जागचे हलले नाहीत.

हे आकडे डोक्यात ठेवून आता सेवाग्रामला जाऊ. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. १९३६ च्या एप्रिलअखेरीला गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. पुढे १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. सकाळ-संध्याकाळ त्यांचं फिरणं ठरलेलं असे. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी सोबत चालायचं, असा तो उघडा दरबार. या चालण्याचं मूळ कुठलं, तर पुस्तकातलं. राजकोटच्या शाळेत हेडमास्तर गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचं केलं होतं. मोहनदासला दोन्हींचा तिटकारा. एका शनिवारी कसरतीला चार वाजता जायचं होतं. घरात घड्याळ नव्हतं, आभाळ भरून आलेलं, वेळेचा अंदाज चुकला आणि तो पोचला तेव्हा मैदान रिकामं होतं. कारण सांगितलं ते कुणाला खरं वाटलं नाही, आणि आणा-दोन आण्यांचा दंड बसला. हाच मुलगा त्याच वयात मोकळ्या हवेत लांब फिरण्याचे फायदे पुस्तकांतून वाचतो, ते त्याला आवडतं, आणि तो चालायला लागतो. लंडनमध्ये तो रोज आठ-दहा मैल चालत असे, आणि तिथे आजारपण जवळपास आलं नाही याचं श्रेय त्यानं या चालण्यालाच दिलं आहे. हे सगळं ‘सत्याचे प्रयोग’मध्ये आहे, कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी ते मराठीत आणलं.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. त्या पुस्तकांनी गांधींना नावडतं काम करायला लावलं नाही. उलट नावडत्या कसरतीतून सुटायची सभ्य वाट दाखवली. शाकाहाराचंही तसंच. लंडनमध्ये एका शाकाहारी खानावळीत हेन्री सॉल्टचं पुस्तक त्यांनी विकत घेतलं, वाचलं आणि मग आपण स्वेच्छेनं शाकाहारी झालो असं ते म्हणतात. पण त्याआधी कित्येक दिवस आईला दिलेल्या शब्दाखातर अर्धपोटी राहून ते शाकाहारीच होते. पुस्तक भेटलं ते वाटेवर असलेल्या माणसाला. वाचून बदललेल्यांच्या बहुतेक कहाण्या अशाच असतात: पाऊल आधी पडलेलं असतं, त्याला कारण मागाहून मिळतं.

गांधीजींनी स्वतः आरोग्यावर लिहिलं ते दोनदा. एकदा दक्षिण आफ्रिकेत, ‘इंडियन ओपिनियन’मध्ये, १९१३ साली लेखमाला म्हणून. दुसऱ्यांदा १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, ऑगस्ट ते डिसेंबर. ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ ती हीच. मूळ गुजराती, तिचं इंग्रजी केलं डॉ. सुशीला नय्यर यांनी, ज्यांनी पुढे १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत संपतं. त्यातल्या काही गोष्टी, मातीच्या पट्ट्या वगैरे, आजचा डॉक्टर हसून बाजूला सारील, आणि सारावंच. पण एक लक्षात घ्या: त्यात वाचकाला पेटवण्याचा प्रयत्न कुठेच नाही. हवा, पाणी, आहार, झोप, एवढंच क्रमानं. इतक्या कोरड्या पुस्तकाच्या आजवर निघालेल्या भाषांतरांचे ढीग पाहिले की प्रेरणेबद्दलच्या आपल्या कल्पना जरा तपासाव्याशा वाटतात.

सेवाग्रामहून आता पवनारला. सावंगीच्या रुग्णालयाचं पूर्ण नाव आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. ओपीडीच्या रांगेत उभा राहणारा माणूस ते नाव रोज वाचतो, पण त्या नावामागे विदर्भातली, माझ्या मते, सर्वांत उपयोगी व्यायामकथा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९३८ साली विनोबांची तब्येत साफ ढासळली. वजन ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो. वय त्रेचाळीसच्या आत. गांधीजींनी काळजीनं बोलावून घेतलं, डॉक्टर किंवा थंड हवेचं ठिकाण सुचवलं. विनोबांनी मुदत मागितली आणि जमनालाल बजाजांचा पवनारचा बंगला निवडला. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनाशी तीनदा संन्यासाचा उच्चार केला, म्हणजे कामांचे सगळे विचार नदीच्या अलीकडे सोडले. पुढे जे केलं ते फार साधं. शेतात फिरायचं. मग कुदळ घेऊन खणायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. अशी चढती भाजणी. मध्ये दम घ्यायचा, पुन्हा खणायचं. होता होता तास-दोन तासांवर मजल गेली. साधारण दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढलं. खणताना जमिनीतून भरत-राम भेटीचं शिल्प निघालं. ते आजही पवनारच्या आश्रमात पाहायला मिळतं. व्यायामाचं असं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

हा माणूस मार्च १९५१ मध्ये पवनारहून पायी निघाला. एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि त्यानंतर तेरा वर्षं, सुमारे सत्तर हजार किलोमीटर, तो चालतच राहिला. व्याख्यानातून आपल्याला ऐकवले जातात ते हे सत्तर हजार किलोमीटर. ऐकून आपण धन्य होतो आणि रिक्षाला हात करतो. मला वाटतं, वाचायची गोष्ट आहे ती पहिल्या दिवशीची पाच मिनिटं. ती होस्टेलच्या मुलाला जमतील, डायलिसिसला आईला घेऊन आलेल्या मुलीला जमतील. विनोबांच्या या आठवणी त्यांच्याच शब्दांत, कालिंदीताईंनी संकलित केलेल्या, पुस्तकरूपात मिळतात. परमधाम प्रकाशन तर पवनारलाच आहे. पण व्यायामाचं पुस्तक म्हणून ते कुणी हातात घेत नाही, कारण ते संताच्या फळीवर ठेवलेलं असतं.

व्यायामाच्या फळीवर मराठीत काय आहे? पुष्कळ, आणि धूळ खात. बलोपासनेची परंपरा आपण समर्थ रामदासांपासून मोजतो. आधुनिक काळात तिचं सर्वांत मोठं लेखी काम झालं बडोद्याला. तिथल्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रो. माणिकरावांच्या परंपरेत वाढलेल्या द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम’ मासिक चालवलं आणि १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. मल्लखांब, कुस्ती, लाठी, जंबिया, आसनं. पेचामागून पेच, छायाचित्रामागून छायाचित्र. असा कोश भारतीय भाषांत दुसरा नसावा. जुन्या वाचनालयात एखादा सुटा खंड हाती लागला तर जरूर उघडा. लंगोट लावलेले, मिशा पिळलेले गंभीर पहिलवान कॅमेऱ्याकडे न बघता एकमेकांची मनगटं धरून उभे असतात. बघताना आपोआप पाठ ताठ होते. तेवढंच, त्या फोटोवरून पेच शिकता येत नाही, त्याला उस्ताद लागतो. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं ते हे ओळखूनच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्या पिढीला प्रेरणा कुठून मिळाली असं विचारलं असतं तर त्यांनी पुस्तकाकडे नाही, आखाड्याच्या मातीकडे बोट दाखवलं असतं.

पण पुस्तकानं खरोखर हलवलेला एक माणूस या परंपरेत आहेच: औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजीन सँडो या युरोपीय बलवानाच्या पुस्तकांनी जगभरच्या तरुणांना वेड लावलं होतं. भवानरावांनी पुस्तकं आणि साधनं दोन्ही मागवली आणि सुमारे दहा वर्षं निष्ठेनं व्यायाम केला. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे आयुष्यभर तोच एक ध्यास. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, राणीसाहेब आणि मुलांनाही लावले, स्वतः पुस्तक लिहिलं. लुइझ मॉर्गन या लंडनच्या पत्रकार बाईंनी त्यांना गाठलं, आणि १९३८ मध्ये ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ या नावानं ते इंग्लंडात छापून आलं. आज परदेशातल्या योगवर्गात जो सूर्यनमस्कार सर्रास दिसतो त्याच्या वाटेवरचा हा सातारा जिल्ह्यातला मोठा थांबा. सँडोच्या पुस्तकानं राजाला हलवलं, राजाच्या पुस्तकानं इंग्रज बायकांना. दोन्ही पुस्तकांचा गुण एकच: पहिलं हे करा, मग ते, मग ते, आणि रोज किती. कोरड्या उपदेशाला जागाच नाही.

योगाच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी (तेही माणिकरावांचे शिष्य) १९२४ मध्ये कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ सुरू करून आसनांना प्रयोगशाळेत नेलं. ते वाचन अभ्यासकांचं. विदर्भातल्या घरांत पोचले ते नागपूरच्या योगाभ्यासी मंडळाचे जनार्दन स्वामी. ‘सुलभ सांघिक आसने’ हे त्यांचं पुस्तक नावातच सांगतं की हे सोपं आहे आणि चारचौघांत करायचं आहे. यातला ‘चारचौघांत’ हा भाग फार मोलाचा. मंडळाच्या रामनगरच्या वर्गात शिकून आलेल्या कुणी ना कुणी नागपूर-वर्ध्याच्या मोहल्ल्यात फुकट वर्ग घेतलेला असतो, आणि पुस्तक तिथे फक्त आठवण म्हणून लागतं. तुकडोजी महाराजांनीही ‘ग्रामगीते’त ग्राम-आरोग्यावर वेगळा अध्याय घातला आहे, तोही सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओव्यांत.

आता सध्याच्या बाजाराकडे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी घरात आरोग्यावरचं वाचन म्हणजे मुख्यतः आहारावरचं वाचन झालंय. आणि इथे वाचकाची पुरती पंचाईत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांची पुस्तकं सांगत आली की दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एकाच घरात सासूबाई दीक्षित पंथाच्या आणि सूनबाई दिवेकर पंथाची अशीही उदाहरणं आहेत, आणि दोघी मिळून चालायला मात्र जात नाहीत. दीक्षितांची कल्पना मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे ते स्वतःच सांगतात. जिचकार २००४ साली अपघातात गेले. त्यांचं व्याख्यान ध्वनिफितींवरून आणि नंतर मोबाइलवरून फिरत राहिलं. वादात न पडता एवढंच म्हणतो की दीक्षितांचं म्हणणं इतकं पसरलं, याचं एक कारण त्यातले आकडे असावेत. पंचावन्न मिनिटं. साडेचार किलोमीटर. ब्रिटिश प्रयोगातलं ते भरून दिलेलं वाक्यच हे. ‘संतुलित आहार घ्या’ हे वाचून कुणीही कधीही उठलेलं नाही. अर्थात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं कुठल्याही पुस्तकावरून जेवणाच्या वेळा बदलू नयेत, आधी आपल्या डॉक्टरला विचारावं. सावंगीत राहणाऱ्याला तर त्यासाठी सबबही नाही.

या सगळ्या फळीवरचं एक पुस्तक मात्र मी कुणालाही डोळे मिटून देईन: डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. राजहंस प्रकाशन, २०००. बंग वर्ध्याचे, सेवाग्रामच्या मातीत वाढलेले, गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम करणारे; वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकारानं गाठलं. पुस्तकाची ताकद अशी की लेखक स्वतः डॉक्टर आहे, त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी त्यानं काही केलं नव्हतं. सावंगीच्या वाचकाला हे वर्मी लागायला हवं. आजारानंतर ते डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरचं हृदयरोग उलटवण्यावरचं पुस्तक वाचतात, आणि मग चालणं, आहार, योग, ध्यान, स्वतःचा ताण आणि अहंकार, असं एकेक तपासत जातात. वाचकाला घाबरवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी वाचकाला सोबत घेतलं. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत हे पुस्तक आधी वडिलांच्या हाती आलं, नंतर मुलाच्या, आणि मुलाच्या चाळिशीत पुन्हा टेबलावर. उणीव एकच: ते हाती पडतं बहुधा धक्का बसल्यावर. निरोगी तिशीतल्या माणसाला ते भेट दिलं तर तो जरा चमकून बघतो.

तिशीतल्या माणसासाठी मग काय? इंग्रजी वाचत असेल तर धावण्यावरची पुस्तकं आहेत. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी तेहेतिसाव्या वर्षी धावायला लागला आणि २००७ मध्ये त्यानं धावण्यावर छोटेखानी आठवणी लिहिल्या. त्यात दुखणारे गुडघे, बिघडलेल्या शर्यती आणि वय वाढल्याची कुरकुर सगळं आहे, म्हणून ते वाचावं. क्रिस्तोफर मॅक्डूगलचं ‘बॉर्न टू रन’ (२००९) जास्त चमचमीत आहे. वाचून लोक बूट फेकून अनवाणी धावायला निघाले आणि काहींनी पोटऱ्या दुखावून घेतल्या. उत्साह चढवणाऱ्या पुस्तकांचा हा धोका असतोच. मिलिंद सोमणनं पन्नाशीत आयर्नमॅन पूर्ण केलं. ठीक आहे. ते वाचून आपल्याला मिलिंद सोमणचं कौतुक वाटतं, आणि कौतुक बसल्याजागी करता येतं.

मराठीत प्रेरणेची पुस्तकं सर्वांत मन लावून वाचणारा आणि खरोखर धावणारा असा एक वर्ग मात्र आहे, आणि त्याच्याकडे आरोग्यावर लिहिणाऱ्यांचं लक्ष जात नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली. वर्ध्यात काय किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावात काय, पहाटे पाचला मैदानावर जा. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांची मैदानी. बॅगेत पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ असण्याची शक्यता दाट. या मुलांना घड्याळ लावणारा दादा असतो, सोबती असतात, तारीख असते. भरती झाली की, किंवा वय निघून गेलं की, त्यातले बरेच जण पुन्हा धावत नाहीत. पुस्तक तेच, वाचक तोच. फक्त तारीख गेली. ‘प्रेरणा’ म्हणून आपण ज्याला नावाजत होतो ती खरं तर तारीख आणि टोळकं होतं, असा संशय येतो.

म्हणून लांब पल्ल्यासाठी मी वेगळ्या जातीचं वाचन सुचवतो: चालणाऱ्यांची प्रवासवर्णनं. मराठीत त्यांची रेलचेल आहे आणि त्यांना फिटनेसशी काही देणंघेणं नाही, हाच त्यांचा गुण. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि गदरात सापडले. ‘माझा प्रवास’ वाचताना आपण राणीची झाशी बघत असतो, पण भटजी रोज किती चालत होते ते बघाच एकदा. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा’. ठाकूर यांचं तर विशेष, कारण व्यायामावरच्या मराठी वाचनात बाई जवळपास नाहीच. ज्ञानकोशातले पहिलवान पुरुष, भरतीच्या पुस्तकातले साहेब पुरुष, आणि बाईसाठी लिहिलेलं जे असतं ते वजन उतरवण्याचं. इथे एक बाई पायी परिक्रमा करते, पायाला फोड येतात, कुठे उतरायचं याची विवंचना असते, आणि ती पुढच्या गावाला निघते. वजनाचा उल्लेखही नाही.

आता वाचायचं कधी, हा शेवटचा मुद्दा. यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक मजेदार प्रयोग आहे. २२६ जण. त्यांतल्या एका गटाला सुटता सुटणार नाहीत अशा कादंबऱ्यांची ऑडिओबुकं दिली, पण ती ऐकायची सोय फक्त जिममध्ये. सुरुवातीच्या आठवड्यांत हा गट तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेला. पुढे नोव्हेंबरातली सणाची सुट्टी आली आणि फरक ओसरला. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, ऐकायचं ते व्यायामावरचंच असायची गरज नाही; रहस्यकथा चालेल, उलट जास्त चालेल. पुढचं प्रकरण फक्त सावंगीच्या टी पॉइंटच्या पुढे चालायला लागल्यावरच ऐकायचं, एवढी अट स्वतःला घाला. मराठीत स्टोरीटेलवर ऐकण्यासारखं भरपूर मिळतं. रस्त्यावर मात्र एकच कान बंद करा. यवतमाळ रस्त्यावरचे ट्रक कथेच्या कलाटणीची वाट बघत नाहीत. दुसरी, खंड पडणारच. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस बुडाल्यानं फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू करताना मुराकामीपेक्षा हा आकडा जास्त धीर देतो.

इथल्या हवेचा हिशेब मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. दुपारच्या सुट्टीत धावून या, असं सांगणारं अमेरिकन पुस्तक इथे दवाखान्यात पोचवील. पहाटे पाच ते साडेसहा एवढीच काय ती फट, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तर्री-पोह्याचा ठेला. फिरून आलेली मंडळी ठेल्यावर जे कमावलं ते गमावून घरी जातात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ठेल्याच्या ओढीनं का होईना, पाच माणसं रोज उठतात.

जे लिहिलंच गेलेलं नाही त्याची यादी मोठी आहे. रात्रपाळी आटोपून सकाळी बाहेर पडणाऱ्या सिस्टरनं चालावं कधी आणि झोपावं कधी? कापूस वेचून कंबर धरलेल्या बाईला फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले पाच प्रकार तिनं घरी खरोखर केले का, आणि केले तर कुठल्या वेळी? आईचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस वॉर्डाबाहेर सतरंजीवर काढलेल्या मुलानं स्वतःच्या पाठीचं काय केलं? यावर मराठीत पानभर मजकूर माझ्या वाचनात नाही. सांगू शकतील अशी माणसं सावंगीच्या प्रत्येक वॉर्डात आहेत. त्यांना लिहायला सवड नाही. फिजिओथेरपीच्या एखाद्या इंटर्ननं त्यांच्या तोंडून उतरवून घेतलं, तारीख-वेळेसकट, तरी पुष्कळ होईल.